तीनशे दिवसांची मोटार

दिवाळी सरते, नव्या वह्यांचे पूजन होते, गेल्या वर्षाचा ताळेबंद समोर येतो आणि व्यापारी घरांत एक विषय हमखास निघतो : दोन दुचाक्यांवर किती दिवस काढायचे, आता एखादी लहान मोटार घ्यावी. विषय निघतो साध्या गरजेपोटी. पण आठवडाभरात त्याची वाट बदलते. उन्हाळ्यात कुंभोज-बाहुबलीला जायचे आहे, भाचीचे लग्न नाशिकला आहे, सात माणसे बसली पाहिजेत, घाटात गाडी दमता कामा नये, शिवाय पाहुण्यांसमोर ती शोभलीही पाहिजे. पाच लाखांपासून सुरू झालेले बोलणे अकरा लाखांवर जाऊन पोहोचते आणि ज्या गरजेतून ते निघाले, ती बाजूलाच राहते.

हाच गृहस्थ दुकानात माल भरताना असा विचार करीत नाही. यात्रेच्या दोन दिवसांत किती खपेल, यावर तो वर्षाची खरेदी ठरवीत नाही. रोज उठणारा माल कोणता, तो किती जागा अडवतो, त्यात पैसा किती काळ गुंततो, हे तो आधी पाहतो. मोटारीलाही हीच कसोटी लावावी. वर्षातील सुमारे तीनशे दिवस जे काम तिला करायचे आहे, त्यासाठी ती निवडावी. यात्रा, लग्ने, सुटीतील लांबचे प्रवास यांचे दिवस मोजले तर ते फार भरत नाहीत. त्या दिवसांपुरती चालकासह मोठी गाडी भाड्याने मिळते, आणि तिचे भाडे मोठ्या मोटारीच्या जादा हप्त्यांपेक्षा बहुधा कमीच पडते.

तीनशे दिवसांचे काम कागदावर मांडले की निम्मी चर्चा आपोआप मिटते. सकाळी मुलांना शाळेत सोडणे, दुपारी बँकेत जाणे, आठवड्यातून एकदा मोठ्या बाजारपेठेची फेरी, आजोबांना डॉक्टरांकडे नेणे, पावसात आजींना मंदिरात पोहोचविणे, सणावाराला चार डबे घेऊन बहिणीच्या घरी जाणे. या यादीत माणसे दोन ते चार असतात, अंतर बहुतेक वेळा दहा-पंधरा किलोमीटरांच्या आत असते आणि वाट पेठेतून जाते.

लहान मोटारीने भारतीय घरांत स्थान मिळविले ते याच कामांतून. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या स्वाधीन झाली. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे छोटे इंजिन असलेली ही गाडी पुढे तीस वर्षे तयार होत राहिली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिचा लौकिक वेगावर उभा नव्हता. ती सकाळी वेळेवर चालू होई, कोणत्याही गावचा मेस्त्री ती दुरुस्त करी आणि विकायला काढली तर चार पैसे परत देई.

टाटा नॅनोची कथा निराळी झाली. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात एक लाख रुपयांची मोटार म्हणून ती पुढे आली, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. ती वळायला सोपी होती, आतली जागाही आकाराच्या मानाने प्रशस्त होती. पण इंजिन मागे होते आणि सुरुवातीच्या गाड्यांना मागून उघडणारे दारच नव्हते. मागचे सामान काढायचे तर सीट पाडून आतून हात घालावा लागे. मागचे दार २०१५ मधील आवृत्तीत मिळाले. ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुदही तिला मारकच ठरले, कारण मोटार घेणारा माणूस तिच्याबरोबर थोडा मानही विकत घेत असतो. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. यातून घेण्याजोगा धडा एवढाच की, केवळ कमी किंमत पाहून भागत नाही. रोजच्या कामात अडणारी वस्तू स्वस्तातही महाग पडते.

म्हणून आजच्या लहान मोटारी पाहताना माहितीपत्रकावर न थांबता तीन मापे स्वतः घ्यावीत. पहिले माप गल्लीचे. ऑल्टो के-१० ची लांबी ३,५३० मिलिमीटर व रुंदी १,४९० मिलिमीटर आहे. वॅगन आरची लांबी ३,६५५ व रुंदी १,६२० मिलिमीटर. रुंदीतला १३ सेंटिमीटरांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण दोन्ही बाजूंना हातगाड्या लागलेल्या पेठेत, किंवा जुन्या वाड्याच्या दारातून गाडी आत घेताना, तेवढ्यावरच आरसा वाचतो किंवा खरवडतो.

दुसरे माप सीटच्या उंचीचे. बसक्या मोटारीत माणसाला खाली वाकून उतरावे लागते आणि बाहेर येताना सारा भार गुडघ्यांवर येतो. वॅगन आरसारखी १,६७५ मिलिमीटर उंचीची मोटार असेल तर माणूस खुर्चीत बसावा तसा आत सरकतो. घरात सत्तरी ओलांडलेली आजी असेल, तर हे एक माप बाकी साऱ्या वैशिष्ट्यांपेक्षा महत्त्वाचे ठरते.

तिसरे माप डिकीचे. ऑल्टो के-१० मध्ये ती २१४ लिटरची आहे, वॅगन आरमध्ये ३४१ लिटरची. मात्र लिटरचा आकडा सारे काही सांगत नाही. डिकीचे तोंड अरुंद असेल किंवा तिचा काठ उंच असेल, तर कापडाचा गठ्ठा किंवा नमुन्यांची पेटी चढविताना कंबर धरते. आपली नेहमीची पेटी विक्रेत्याकडे नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहणे, यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

यानंतर प्रश्न येतो तो पेट्रोल की सीएनजी, आणि येथे व्यापाऱ्याचा त्रैराशिक कामी येतो. समजा, सीएनजीची गाडी ९०,००० रुपयांनी महाग आहे. पेट्रोलवर २० किलोमीटर प्रतिलिटर व भाव १०५ रुपये धरला, सीएनजीवर २८ किलोमीटर प्रतिकिलो व भाव ८५ रुपये धरला, तर रोज ३० किलोमीटर, म्हणजे तीनशे दिवसांत ९,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला पेट्रोलचा खर्च वर्षाला सुमारे ४७,००० रुपये आणि सीएनजीचा सुमारे २७,००० रुपये येतो. वर्षाला २०,००० रुपये वाचले, तर जादा रक्कम साडेचार वर्षांत वसूल होते. पण गाडी रोज दहाच किलोमीटर धावणार असेल, तर बचत ६,६०० रुपयांच्या आसपास येते आणि तीच रक्कम वसूल व्हायला साडेतेरा वर्षे लागतात. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे दुसऱ्या घरासाठी हा सौदा कसा बसतो ते कळते. त्यातच सीएनजीचे एक मोठे नळकांडे डिकीतली बहुतेक जागा खाते, पंपावर रांग असते आणि नळकांड्याची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. गावात पंप असेल आणि धाव जास्त असेल, तरच सीएनजी किफायतशीर ठरते.

पैशाच्या बाजूने पाहिल्यास सध्याचा काळ लहान मोटारीला अनुकूल आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी मोटारींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. पण दुकानाच्या नावावर घेतली की हा कर वळता होईल, हा समज सोडून द्यावा. घरगुती वापराच्या प्रवासी मोटारीवर व्यापाऱ्याला कराची वजावट मिळत नाही. मालवाहू वाहनावर ती मिळते. घसारा १५ टक्के दराने मिळतो. मात्र त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर पहिल्या वर्षी निम्माच. दिवाळीच्या मुहूर्तावर घेतलेली मोटार बहुधा या निम्म्यातच मोडते. शिवाय खासगी वापराचा भाग त्यातून वगळला जातो. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर मोटार नोंदविल्यास एकरकमी वाहनकरही व्यक्तीच्या नावापेक्षा पुष्कळ अधिक पडतो. गाडी कोणाच्या नावावर घ्यावी, हे बिल फाडण्यापूर्वी सनदी लेखापालांशी बोलून ठरवावे.

कर्जाचेही तसेच. पाच लाख रुपये ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १,२३,००० रुपये. तेच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ८,०४५ रुपयांवर उतरतो, पण व्याज १,७५,००० रुपयांच्या वर जाते. रोख घेणे नेहमीच शहाणपणाचे असते, असेही नाही. हंगामाच्या तोंडावर दुकानातले पाच लाख काढून घेतले आणि ठोक व्यापाऱ्याकडची रोखीची सूट गेली, माल उधारीवर घ्यावा लागला, तर मोटारीचे व्याज वाचते आणि धंद्याचे लागते. भांडवलाला हात न लावता जेवढी रक्कम उचलता येईल तेवढी आरंभी भरावी आणि उरलेले कर्ज शक्य तितक्या कमी मुदतीत फेडावे.

काटकसरीची मर्यादा कोठे संपते, हेही येथेच सांगितले पाहिजे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान मोटारींच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम कडक होत गेले. २०१९ मध्ये एबीएस ब्रेक आणि चालकापुढील एअरबॅग सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची तारांकन पद्धत सुरू झाली. आता ग्राहकाला विचारण्याची सोय आहे, आणि त्याने विचारलेच पाहिजे : या मोटारीला किती तारे आहेत, आणि आपण घेत असलेल्या आवृत्तीत किती एअरबॅग आहेत? मोठा पडदा, चकाकणारी चाके, गाण्यांची यंत्रणा यांवर कात्री चालवावी. ब्रेक, एअरबॅग आणि टायर यांवर चालवू नये. आणि चांगली मोटार घेऊनही नातवाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसले, किंवा मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही, तर ते सारे तारे कागदावरच राहतात. पट्टा मागच्या प्रवाशांनाही सक्तीचा आहे.

खरेदीच्या दिवशी घाई होते, म्हणून दोन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात. पहिली, विम्याची. जुनी मोटार विकून नवी घेणाऱ्याने दावा न केल्याबद्दलची सवलत सोडून देऊ नये. ओळीने पाच वर्षे दावा नसेल, तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि ती गाडीची नसून मालकाची असते. जुन्या विमा कंपनीकडून तसा दाखला घेतला की नव्या मोटारीच्या विम्यात ती मिळते. दुसरी, मोटारीच्या वयाची. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, हे पैसे भरण्यापूर्वी पाहून घ्यावे. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. गेल्या वर्षी तयार झालेली गाडी जानेवारीत घ्यायची असेल, तर किंमत त्या मानाने उतरवून घ्यावी. कारण विकताना समोरचा माणूस हेच वर्ष मोजणार आहे.

मोटार कोणती, हे ठरविताना ती कोण चालविणार, हे मात्र पुष्कळ घरांत ठरवायचेच राहून जाते. मोठी, रुंद मोटार आली की ती एकट्या मुलाच्या हाती जाते. तो दिवसभर दुकानात असतो, मोटार दारात उभी असते, आणि आजींना डॉक्टरांकडे न्यायचे तर घरच्या स्त्रियांना रिक्षाची वाट पाहावी लागते. लहान मोटारीचे खरे मोल येथे कळते. ती गल्लीत वळते, थोड्या जागेत उभी राहते आणि नवख्या हातालाही लवकर वश होते. ज्यांना क्लच-गिअरची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी लहान मोटारींतही स्वयंचलित गिअर मिळतो, आणि स्कूटर सराईतपणे चालविणाऱ्या सुनेला ती मोटार शिकायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून मोटार पसंत करायला जाताना घरातील स्त्रियांनाही बरोबर न्यावे आणि चाचणी फेरीत त्यांच्याही हाती गाडी द्यावी. नव्या मोटारीबरोबर सहसा दोन किल्ल्या मिळतात. दुसरी किल्ली कपाटात न ठेवता सुनेच्या हाती द्यावी.