कॅलेंडरची परवानगी मोजून द्या



एआय एजंटला कंपनीचे बँक खाते जोडायचे म्हटले तर आधी दहा जणांच्या सह्या लागतात. कॅलेंडर मात्र कुणीही उठतो आणि जोडून टाकतो. ‘त्यात काय, भेटीच्या वेळा तर आहेत,’ हा समज घातक आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

मी वकिलांच्या एका कार्यालयाचे कामकाज सांभाळते. आमच्याकडच्या अगदी साध्या नोंदीतही पक्षकाराचे नाव, समोरच्या वकिलांचा ईमेल, व्हिडिओ भेटीची लिंक आणि खाली वर्णनात ‘तडजोडीची रक्कम ठरवणे’ असा मजकूर असतो. घटस्फोटाच्या प्रकरणात तर नुसते नाव बाहेर गेले तरी नुकसान व्हायचे ते होते. डॉक्टरांच्या कॅलेंडरात रुग्णाचा आजार असतो, एचआरच्या कॅलेंडरात कुणाची नोकरी जाणार ते त्या माणसाच्या आधी लिहिलेले असते.

गूगल कॅलेंडर एखाद्या अ‍ॅपला जोडताना परवानगीचा मजकूर समोर येतो. तो न वाचता आपण ‘अलाउ’ दाबतो. पूर्ण परवानगी दिली तर आपल्याला उघडता येणारी सगळी कॅलेंडरे पाहण्याची, बदलण्याची, शेअर करण्याची आणि कायमची पुसण्याची मुभा त्या अ‍ॅपला मिळते. सहकाऱ्याने विश्वासाने शेअर केलेले कॅलेंडरही त्यात आले. त्याला कुणी विचारलेले नसते. याच सेवेत फक्त वाचण्याची वेगळी परवानगी आहे, आणि केवळ ‘मोकळा की व्यस्त’ एवढेच दाखवणारीही आहे. दोघांच्या सोयीची वेळ शोधायला ती शेवटची पुरते. मग एजंटला सगळे कशासाठी द्यायचे?

बाहेरून येणारा धोका तर आणखी मोठा. ऑगस्ट 2025 मध्ये लास व्हेगासच्या ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत संशोधकांनी गूगलच्या जेमिनी या एआय सहायकावर केलेला प्रयोग मांडला. कॅलेंडरच्या इन्व्हाइटमध्ये त्यांनी एजंटसाठी छुप्या सूचना लिहून ठेवल्या. घरातली उपकरणे एजंटला जोडलेल्या मालकाने ‘या आठवड्यात काय काय आहे?’ असे विचारले. एजंटने नोंदी वाचल्या, त्यातल्या सूचना मालकाच्याच समजल्या, आणि घरातले दिवे व खिडक्यांच्या झडपा त्या परक्या माणसाच्या इच्छेने चालू लागल्या. संशोधकांनी गूगलला आधीच कळवले होते आणि कंपनीने त्यावर उपायही केले. पण दुखण्याचे मूळ तसेच आहे. भाषेवर चालणाऱ्या या यंत्रणेला वाचायचा मजकूर आणि पाळायचा हुकूम यांतला फरक खात्रीने कळत नाही. आणि कॅलेंडर ही अशी जागा आहे, जिथे अनोळखी माणूसही आपल्या परवानगीशिवाय मजकूर आणून ठेवू शकतो.

यावर बहुतेक संस्था काय करतात? एजंटला चार ओळी लिहून देतात: ‘गोपनीय नोंदी उघड करू नकोस, विचारल्याशिवाय काही पुसू नकोस.’ याला वापराचे धोरण म्हणायला मी तयार नाही. इन्व्हाइटमधल्या मजकुराने ज्याला फितवता येते, त्याच्याच स्मरणावर नियम सोपवण्यात काय अर्थ? नियम एजंटच्या बाहेर, त्याच्या आणि कॅलेंडरच्या मधल्या फाटकावर बसवला पाहिजे. एजंटने काहीही मागितले तरी कोणती क्रिया, कुणाच्या कॅलेंडरवर, कोणत्या कामासाठी, हे तपासूनच फाटक उघडावे.

प्रत्येक गोष्टीला माणसाची मंजुरी घेत बसलो तर एजंट कशाला ठेवायचा, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. दिवसभर ‘होय, होय’ दाबणारा माणूस तिसऱ्या दिवशी वाचणे सोडतो. म्हणून मंजुरी थोड्याच ठिकाणी ठेवा, पण तिथे ती पक्की ठेवा. मोकळी वेळ एजंटने खुशाल शोधावी, स्वतःच्या मालकाच्या कॅलेंडरात कच्ची नोंदही करावी. मात्र बाहेरच्या माणसाला इन्व्हाइट पाठवणे, ठरलेली भेट रद्द करणे आणि कॅलेंडर शेअर करणे या तीन क्रिया माणसाने वाचून होकार दिल्याशिवाय होता कामा नयेत. भेट रद्द केली की सूचना सगळ्यांच्या ईमेलवर जाऊ शकते, आणि एकदा गेलेली सूचना परत घेता येत नाही. अनोळखी पत्त्यावरून आलेले इन्व्हाइट एजंटपुढे जाऊच नये. गूगल कॅलेंडरमध्ये फक्त ओळखीच्यांचीच निमंत्रणे आपोआप घेण्याची सोय आजही आहे. शिवाय एजंटने केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद त्याला पुसता येणार नाही अशा जागी राहायला हवी.

आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेने सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काम दुसऱ्या कंपनीकडून करवून घेतले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. रुग्णालये, वकिलांची कार्यालये आणि शाळा यांनी आज कोणकोणत्या एजंटला कॅलेंडरची कोणती परवानगी दिली आहे, याची यादी आधी करावी. यादीत जिथे जिथे ‘पूर्ण’ असे असेल, तिथे ती परवानगी काढून घ्यावी आणि कामापुरती नव्याने द्यावी.

— एक वाचक, पुणे