'रिसोर्स' चालतो, 'कामगार' चालत नाही

आयटी कंपनीतल्या माणसाला 'रिसोर्स' म्हटलेले चालते. 'कामगार' म्हटले की मात्र त्याचा अपमान होतो. त्याच्या युनियनविरोधाचे मूळ अर्थशास्त्रापेक्षा या शब्दाच्या विटाळात अधिक आहे.

'माझे कौशल्य हीच माझी युनियन' हा युक्तिवाद तेजीत खपून जातो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांना कमी करण्याचे जाहीर केले. कुऱ्हाड पडणार होती ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर, म्हणजे अनुभवी माणसांवर. एकट्याने फार तर पगाराची घासाघीस करता येते. कामाचे तास आणि कपातीचे निकष एकट्याच्या आवाक्यात नसतात. २०२४ मध्ये कर्नाटकात १४ तासांच्या कामाच्या दिवसाचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली ती 'किटू' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटनाच.

यावर १९८२ च्या गिरणी संपाचा दाखला हमखास दिला जातो. तो संप फसला, हे खरेच. पण त्याच गिरणगावाच्या इतिहासाचे आरंभीचे पान का विसरायचे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीतून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हिंजवडीतला अभियंता आज तिचाच वारसा उपभोगतो आणि वारसदार म्हणवून घ्यायला लाजतो.

ही लाज त्याला शिकवली कोणी? 'एम्फुक्टो'च्या आंदोलनांची फळे चाखणाऱ्या आणि वर्गात केवळ 'करिअर'चे पाठ देणाऱ्या प्राध्यापकांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.