घरच्यांना सूट द्या, पण यादी करून

खोपटच्या एस.टी. आगाराजवळची दुकाने काय किंवा भिवंडीचे लूमवाले काय, कोटेशन, चलन, बिले आता ई-मेलनेच जातात. ज्या पेढ्यांनी स्वतःचा मेल सर्व्हर बसवला आहे त्यांची एक तक्रार नेहमीची आहे. दुकानातून गोदामाला पाठवलेले बिलसुद्धा सर्व्हरची गाळणी 'स्पॅम' समजून बाजूला टाकते.

यात गाळणीचा दोष नाही. स्पॅमअसॅसिनसारखी गाळणी मजकूर आणि पाठवणाऱ्या संगणकाचा पत्ता पाहून गुण देते. एरवीच्या नेमणुकीत ५ गुण झाले की पत्र स्पॅम ठरते. 'ताबडतोब पैसे भरा' हे आपले रोजचे वाक्य ठगांचेही आवडते आहे!

मग संगणकवाला सांगतो, 'आतल्या नेटवर्कची तपासणीच बंद करू.' सूट द्यावी हे आम्हालाही मान्य आहे. पण सरसकट देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट, सूट संगणकाच्या पत्त्याला द्या, पाठवणाऱ्याच्या नावाला नको. पत्रावर नाव कोणीही कोणाचेही घालू शकतो. शेठजींच्या नावाने 'बँक खाते बदलले, रक्कम इकडे पाठवा' असे पत्र आले आणि नावालाच सूट असली, तर ते थेट मुनीमजींपुढे जाईल.

दुसरी गोष्ट, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते ६५,५३६ आहेत. तेवढे संगणक कोणाच्या दुकानात आहेत? गल्ला, गोदाम आणि हिशेबाचा संगणक एवढ्यांचीच नोंद करा. गिऱ्हाइकाचा मोबाइल ज्या वायफायवर चालतो, ते नेटवर्क वेगळे ठेवा. ज्या शाखेचा पत्ता बदलत राहतो, तिला पासवर्डनेच आत घ्या.

तिसरी गोष्ट, व्हायरसची तपासणी आणि तासाला किती पत्रे जावीत याची मर्यादा घरच्यांनाही लागू ठेवा. आतला एक संगणक बिघडला तर तो रातोरात हजारो पत्रे सोडू शकतो. मग पेढीचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि सकाळी आपले खरे कोटेशनही गिऱ्हाइकाकडून परत येते. व्यापारात गेलेली पत लवकर परत मिळत नाही.

तेव्हा व्यापारी बंधूंनी सूट दिलेल्या संगणकांची यादी संगणकवाल्याकडून आजच कागदावर लिहून घ्यावी. खाते बदलल्याचे पत्र आले तर आधी फोन करून खात्री करावी. रक्कम गेलीच, तर वेळ न दवडता बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.