इंग्रजीशी दोस्ती : पूर्वेला, आणखी पूर्वेला, सगळ्यात पूर्वेला!

आज व्याकरणाचं पुस्तक मिटा आणि रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडा. पनवेल सापडलं? त्याच्या पूर्वेला नेरे गाव आणि आणखी पूर्वेला डोंगरावरचं माथेरान.

समजा, तुम्ही नेऱ्याला राहता. मराठी न येणारा एक मित्र माथेरानला निघालाय. त्याला तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत, ‘माथेरान इज इन द ईस्ट ऑफ नेरे.’ झाली की नाही पंचाईत! ‘इन’ म्हणजे नेऱ्याच्या हद्दीतच, पूर्वेकडच्या भागात. बिचारा गावातच माथेरान शोधत बसेल! हद्दीबाहेरच्या जागेसाठी ‘टू’ हवं : ‘माथेरान इज टू द ईस्ट ऑफ नेरे.’

आता तुलना करू. टॉलचं टॉलर होतं, तसं ईस्टचं ‘ईस्टर’ करायचं का? छे! तो तर ख्रिस्ती बांधवांचा सण. इथे ‘फार्दर’ मदतीला येतं : ‘माथेरान इज फार्दर ईस्ट दॅन नेरे.’ आणि तिघांत सगळ्यात पूर्वेकडचं कोण? ‘माथेरान इज द ईस्टर्नमोस्ट ऑफ द थ्री.’ पाहिलंत ना, एरवी शब्दाच्या आधी येणारा ‘मोस्ट’ इथे शेपटीसारखा शेवटी चिकटला. टॉपमोस्ट, इनरमोस्ट हे त्याचेच भाऊबंद.

एक चकवा मात्र ओळखून ठेवा. अपर, इनर, आउटर यांच्या शेवटी ‘अर’ दिसतो, म्हणून लगेच ‘दॅन’ जोडू नका. रेल्वेतला अपर बर्थ आठवा. तो ‘अपर दॅन द मिडल बर्थ’ नव्हे, ‘हायर दॅन द मिडल बर्थ’ असतो. ‘अपर’ नुसती जागा सांगतं, तुलना करायला ‘हायर’ लागतं.

आपल्याकडेही अशी शेपटं आहेत, बरं का! उच्च, उच्चतर, उच्चतम. या ‘तर’ आणि ‘तम’पासूनच ‘तारतम्य’ हा शब्द झाला. म्हणजे आई ‘जरा तारतम्य ठेव’ म्हणते, तेव्हा तीही व्याकरणच शिकवत असते!

आता तुमची पाळी. घराजवळची तीन ठिकाणं निवडा. ‘टू’, ‘फार्दर’ आणि ‘मोस्ट’ वापरून तीन वाक्यं लिहा आणि आईबाबांना द्या. फक्त ती वाचून त्यांनी तिन्ही ठिकाणं ओळखली, तर तुम्हाला पैकीच्या पैकी!