‘नैसर्गिक’ या विशेषणाविरुद्ध

पॉर्न चित्रपटांविषयी गंभीरपणे लिहिणाऱ्यांमध्ये एक स्तुती फार रूढ झाली आहे : अमुक चित्रपटात स्त्रीची इच्छा पुढाकार घेते, आणि तिची व जोडीदाराची ‘केमिस्ट्री’ अगदी नैसर्गिक आहे. ही स्तुती स्त्रीच्या बाजूची असल्याचा समज आहे. आमच्या मते ती तिच्या विरुद्ध जाते.

१९७२ साली न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झालेला ‘डीप थ्रोट’ पाहावा. त्याच्या कथानकाचा पायाच स्त्रीची अतृप्ती हा आहे. नायिका आपले सुख शोधत निघते, डॉक्टरकडे जाते, आणि ते तिला गवसते. कागदावर हा स्त्रीच्या इच्छेचाच चित्रपट. लिंडा लव्हलेस या नावाने त्यात काम करणारी लिंडा बोरमन त्या काळच्या लैंगिक मोकळेपणाची प्रतिमा ठरली. १९८० साली मात्र ‘ऑर्डील’ या आत्मकथनात तिने लिहिले, की नवरा चक ट्रेनर याने मारहाण करून आणि बंदुकीचा धाक दाखवून आपल्याकडून हे सारे करवून घेतले. या कथनावर पुष्कळ वाद झाला. परंतु तो वाद चित्रपट पुन्हा पाहून मिटण्यासारखा नव्हता. उलट तिच्यावर अविश्वास दाखवणाऱ्यांना पडद्यावरचे तिचे हसूच पुरावा म्हणून पुढे करता आले. समीक्षकाचे ‘नैसर्गिक’ हे प्रमाणपत्र असे उलटते : पुढे ती स्त्री ‘मला नको होते’ म्हणाली, तर तेच प्रमाणपत्र तिच्याविरुद्धची साक्ष होते.

आमचा दुसरा आक्षेप श्रमासंबंधी आहे. रंगभूमीवरील नटीचे कौतुक करताना आपण तिच्या अभिनयाचे कौतुक करतो. येथे मात्र ‘हा अभिनय नव्हेच’ ही सर्वोच्च प्रशंसा समजली जाते. जे निसर्गतः घडले त्याचा मेहनताना कोणी मागावा? त्याला करार कशाला, आणि मध्येच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार तरी कशाला? काम नाकारले, की काम करणारीचे हक्कही आपोआप नाकारले जातात.

मग स्त्रीच्या इच्छेचा पुढाकार ओळखावा कशावरून? कँडिडा रॉयाल हिचे उदाहरण याबाबतीत उपयोगी आहे. १९७०च्या दशकात तिने स्वतः अशा चित्रपटांत कामे केली, आणि १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फेम प्रॉडक्शन्स’ ही संस्था काढली. पुरुषाच्या स्खलनाच्या ज्या ठरीव दृश्यावर तोवरचे चित्रपट संपत, ते तिने वगळले. शक्य तेथे प्रत्यक्ष आयुष्यातील जोडप्यांना एकत्र घेतले. प्रेक्षक म्हणून स्त्रिया आणि जोडपी डोळ्यांसमोर ठेवली. तिच्या चित्रपटांत जी सहजता जाणवते ती कॅमेऱ्याला अकस्मात सापडलेली नाही. दृश्याचा शेवट कोठे करायचा, कोणाला कोणाबरोबर उभे करायचे, हे ठरवण्याची सत्ता एका स्त्रीच्या हाती आली, त्याचे ते फळ होते. अर्थात दिग्दर्शिका स्त्री असली म्हणजे नटीची संमती सिद्ध होत नाही. तेथेही विचारावेच लागते.

यावर कोणी म्हणेल, की प्रेक्षकाला जे जाणवते ते त्याने सांगू नये काय? अवश्य सांगावे. ‘मला हे दृश्य खरे वाटले’ हे विधान प्रामाणिक आहे, कारण ते पाहणाऱ्याविषयी आहे. ‘तिला हे खरोखरच हवे होते’ हे विधान मात्र दुसऱ्याच्या मनाविषयी आहे, आणि ते करण्याचा अधिकार तिकीट काढून किंवा वर्गणी भरून मिळत नाही.

म्हणून समीक्षकांकडे आमची मागणी साधी आहे. जोडीदार कोणी निवडला? काय करायचे आणि काय नाही, हे आधी ठरले होते का? चित्रीकरण थांबवले तरी तिला पैसे मिळणार होते का? या प्रश्नांची उत्तरे मिळवून लिहावे. ती मिळत नसतील तर चित्रपटाची रचना, प्रकाश, संवाद यांविषयी लिहावे, आणि तिच्या इच्छेविषयी गप्प राहावे.