लखोटा सरकारचा, खिसा कर्मचाऱ्याचा

शासकीय सेवेत रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मला गोपनीय पत्र पाठविण्याची रीत शिकविण्यात आली. पत्र आतल्या लखोट्यात घालावयाचे, त्यावर ‘गोपनीय’ असा शेरा व अधिकाऱ्याचे नाव लिहून लाखेची मोहोर लावावयाची. मग तो लखोटा दुसऱ्या साध्या लखोट्यात घालावयाचा. बाहेरच्या लखोट्यावर ‘गोपनीय’ हा शब्द मात्र चुकूनही येता कामा नये. पत्र कोणी दिले, कोणी घेतले, याची नोंदवहीत सही होत असे.

आज तसाच मजकूर ईमेलने येतो आणि कर्मचाऱ्याच्या खिशातील भ्रमणध्वनीवर उघडतो. तो फोन त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला असतो. त्यावरच त्याची बँक, मुलांची छायाचित्रे आणि सुट्टीच्या दिवशी मुलीचे खेळही असतात. लखोटा सरकारचा, पण खिसा कर्मचाऱ्याचा, अशी ही व्यवस्था आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालील एका सहायकाचा फोन दिल्लीच्या गर्दीत हरवला. त्यात कार्यालयाची टपालपेटी उघडी होती. हे त्याने मला तिसऱ्या दिवशी सांगितले. मी रागावलो, तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, “साहेब, कळवले असते तर तुम्ही दुरूनच सगळा फोन पुसून टाकला असता. वडिलांचे शेवटचे फोटो त्यातच आहेत. फोन सापडेल अशी आशा होती.” नियम त्याने मोडला होता, यात शंका नाही. परंतु त्याच्या फोनमधील काय पुसण्याचा अधिकार कार्यालयाला आहे आणि काय पुसण्याचा नाही, हे आम्ही त्याला कधी लेखी सांगितलेच नव्हते. दोष एकट्या त्याचा नव्हता.

ही परिस्थिती कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कॅनडाच्या रिसर्च इन मोशन या कंपनीचा ब्लॅकबेरी हा मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा फोन होता. तो बहुधा कार्यालयच विकत घेई. कार्यालयातील सर्व्हर आणि अधिकाऱ्याच्या हातातील यंत्र यांच्यामध्ये ईमेल सांकेतिक रूपात धावे, आणि तिची किल्ली आपल्याजवळ नसून ग्राहकाजवळ आहे, असे कंपनी सांगत असे. हेच गुण आपल्या गृह मंत्रालयाला खटकले. २००८ पासून सुरू झालेला वाद इतका ताणला गेला की ३१ ऑगस्ट २०१० ही अंतिम मुदत देण्यात आली, आणि पुढे ती वाढविण्यात आली. दुसऱ्याच्या टपालात डोकावण्यासाठी खिडकी हवी, आपल्या टपालाला मात्र भक्कम कुलूप हवे, अशी कोणत्याही राज्यसंस्थेची ही जुनी अडचण आहे.

तो वाद चालू असतानाच बाजार दुसरीकडे वळला होता. २००७ मध्ये आयफोन आला आणि २००८ मध्ये त्यावर कार्यालयीन ईमेलची सोय झाली. मागोमाग अँड्रॉइडचे फोन आले. ब्लॅकबेरीने २०१६ मध्ये स्वतः फोन बनविणे थांबविण्याचे जाहीर केले आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्याच्या जुन्या यंत्रांच्या सेवाही बंद झाल्या. या स्पर्धेत कोण जिंकले, यापेक्षा खरेदी करणारा बदलला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पूर्वी कार्यालय यंत्र निवडी आणि सुरक्षेचा विचार करून निवडी. आता कर्मचारी निवडतो, आणि तो किंमत, कॅमेरा व बॅटरी पाहून निवडतो. त्यात त्याचे काही चुकत नाही; पैसे त्याचेच आहेत.

मात्र फोनला सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हे जाहिरातीत ठळक अक्षरांत क्वचितच दिसते. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांचे वचन दिले. हे महागडे फोन आहेत. स्वस्त फोनांच्या वाट्याला सहसा याहून कमी वर्षे येतात. युरोपीय संघाने जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे सुधारणा देण्याचे बंधन घातले आहे. सुरक्षेवर स्पर्धा व्हावी असे वाटत असेल, तर ग्राहकाने वा शासनाने ती मागावी लागते.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. केंद्र शासनाच्या २०१५ च्या ईमेल धोरणाने शासकीय पत्रव्यवहारासाठी खासगी ईमेल सेवा वापरण्यास मनाई केली. २०२३ मध्ये अर्थ मंत्रालयाने उपसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांना फोन, लॅपटॉप इत्यादींसाठी एक लाख रुपयांपर्यंत, आणि देशी बनावटीचा अंश पुरेसा असल्यास १ लाख ३० हजार रुपयांपर्यंत मर्यादा दिली. अवर सचिव व कक्ष अधिकारी यांच्यापैकी निम्म्या मंजूर संख्येलाच हा लाभ आहे. टपाल मात्र बहुधा सर्वांत आधी त्यांच्याही खालचा सहायक उघडतो, आणि तो आपल्या दहा-बारा हजारांच्या फोनवर उघडतो. पैसा वर थांबतो आणि जोखीम खाली उतरते, हे मला प्रशासकीय दृष्ट्या न्याय्य वाटत नाही आणि शहाणपणाचेही वाटत नाही. भिंतीला भगदाड पाडणारा सर्वांत कच्ची वीट शोधतो, दिवाणखान्याचा रंग पाहत नाही.

कोणी म्हणेल, मग खासगी फोनवर कार्यालयीन ईमेल सरसकट बंद करावा. असे आदेश मी पाहिले आहेत. त्यानंतर कागदाचे छायाचित्र काढून ते व्हॉट्सअॅपवर धाडले जाते, कारण रात्री नऊ वाजता मंत्रिमहोदयांना माहिती हवीच असते. बंदीने काम थांबत नाही, ते अंधारात जाते. केवळ नवे अ‍ॅप दिल्यानेही भागत नाही. शासकीय ईमेलच्या सुरक्षेसाठी ‘कवच’ नावाचे अ‍ॅप होते. २०२२ मध्ये हेरगिरी करणाऱ्यांनी त्याच्याच बनावट प्रती पसरविल्याचे उघड झाले. कर्णाचे कवच इंद्राने वेष पालटून मागून नेले होते. येथे शत्रूच कवच वाटत आला.

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने करता येतील. पहिली, फोनमध्ये कार्यालयाचा कप्पा वेगळा असावा. अँड्रॉइड व आयफोन दोहोंत ही सोय आज उपलब्ध आहे. हरवल्यास कार्यालय फक्त तोच कप्पा पुसेल, असे कर्मचाऱ्याला लेखी द्यावे. दुसरी, फोन हरवल्याचे तत्काळ कळविणाऱ्यावर कारवाई होणार नाही आणि लपविणाऱ्यावर होईल, असा स्पष्ट आदेश असावा. तिसरी, ज्या फोनला सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत त्यावर कार्यालयीन ईमेल उघडू नये. आणि कामासाठी तो उघडणे आवश्यक असेल, तर कर्मचाऱ्याचा दर्जा न पाहता कार्यालयाने साधा पण सुरक्षित फोन द्यावा.

मुंबई-पुण्यापासून दूर, दिल्लीत, बंगळुरात किंवा परदेशांत नोकरी करणारे जे वाचक हे वाचत आहेत, त्यांनाही मी सुचवीन की आपल्या कार्यालयाला आज एक प्रश्न लेखी विचारावा: माझा फोन हरवला, तर तुम्ही त्यातील काय पुसाल? उत्तर मिळाले नाही, तर व्यवस्था अपुरी आहे असे समजावे.

त्या सहायकाचा फोन सापडला नाही. फोटोही गेले आणि टपालपेटीही तीन दिवस उघडी राहिली. नोंदवहीतली एक सही वाचवताना आपण दोन्ही गमावले.