विश्लेषण : लाखभर किलोमीटर धावलेली गाडी मोबाइलवरून घ्यावी का?

मोबाइलच्या पडद्यावर गाडी नवीकोरी दिसते. रंग चकाकतो, सीटला नवी कव्हरे असतात, किंमत नव्या गाडीच्या तिसऱ्या हिश्शाची. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते : रनिंग १ लाख १८ हजार किलोमीटर. इथे बहुतेकांचे बोट थबकते. थबकावे हे बरोबरच, पण भीती मोठ्या आकड्याची वाटते आणि फसगत बऱ्याचदा लहान आकडा करतो.

आकडा खरा कशावरून?

आठ वर्षांत १ लाख २० हजार किलोमीटर म्हणजे महिन्याला साडेबाराशे. महिन्यातून चार वेळा पुण्याहून मुंबईला जाऊन येणाऱ्याचे एवढे रनिंग होतेच. महामार्गावर एका लयीत धावलेल्या गाडीचे इंजिन आणि क्लच शहरातल्या कोंडीत रोज गिअर बदलत रखडलेल्या गाडीपेक्षा कमी झिजतात. उलट तेवढ्याच वयाची गाडी ३८ हजार दाखवत असेल, तर आधी संशय घ्यावा. डिजिटल मीटरवरचा आकडा उपकरण जोडून बदलता येतो आणि डोळ्याला दिसेल अशी खूण मागे राहतेच असे नाही.

त्यामुळे मीटरपेक्षा नोंदींवर भिस्त ठेवावी. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि त्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. विक्रेत्याने तो इतिहास द्यायला टाळाटाळ केली, तर तेच उत्तर समजावे. टायरच्या कडेवर चार अंकी शिक्का असतो; ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. कमी रनिंगच्या गाडीला नवे टायर का, हे विचारायला हवे. कधी उत्तर सरळ असते, टायर वयामुळेही बदलतात. मात्र पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल आणि मीटर ३८ हजार सांगत असेल, तर तो मेळ बसत नाही.

दोनशे मुद्द्यांची तपासणी, पण कशाची?

ऑनलाइन कंपन्यांचा तपासणी अहवाल लांबलचक असतो. ओरखडे, काचा, दिवे, म्युझिक सिस्टीम यांच्यापुढे बरोबरच्या खुणा. पण अशा तपासणीत इंजिन उघडले जात नाही, आणि लाखाच्या पुढचा खर्च नेमका आतला असतो. ज्या इंजिनांना टायमिंग बेल्ट असतो, तिथे तो ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. क्लच, शॉकॲब्सॉर्बर, सस्पेन्शनची बुशेस याच सुमारास हात आखडता घेऊ देत नाहीत. वॉरंटीच्या अटी वाचल्या तर झिजणारे भाग बहुधा वगळलेले आढळतात. किमतीचा निदान दहावा हिस्सा पहिल्या वर्षाच्या डागडुजीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी परवडत नाही असेच म्हणावे लागेल.

परत करण्याची मुदत मिळत असेल, तर ती गाडी दारात शोभेला ठेवून संपवू नये. इंजिन रात्रभर थंड असताना सकाळी सुरू करून आवाज आणि धूर पाहावा. खंबाटकीसारख्या एखाद्या घाटात एसी लावून चढवावी. मग ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घ्यावी. कार्पेट उचलून सीटच्या रुळांवरचा गंज पाहावा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा पट्टा शोधावा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले होते. पाण्यात बुडालेली गाडी फोटोत कोरडीच दिसते.

कागद काय सांगतात?

एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि फिटनेसची मुदत कळते. आरसीवर मालकाचा क्रम आणि बँकेचा बोजा पाहावा. कर्ज फिटले असे तोंडी सांगितलेले चालत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हेही पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर येतो. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात. तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच आटते.

खासगी जाहिरातींत धोका वेगळा. ‘लष्करात आहे, तातडीची बदली झाली’ असे सांगून गाडी न दाखवताच आगाऊ रक्कम मागणारा गाडीचा मालक नसतोच. पैसे गेले, तर लगेच १९३० वर कळवावे.

कंपनीशी व्यवहार असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. न झाल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, तोही राहत्या जिल्ह्यात. सहज एखादी गाडी विकणाऱ्या खासगी व्यक्तीविरुद्ध हा मार्ग उपयोगी पडत नाही. विमा आपल्या नावावर करण्यासाठी खरेदीनंतर १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र त्याच्याबरोबरच जातो.